कोशर म्हणजे हलाल का? भाच्याचा एक प्रश्न आणि कोकणातले शनिवार तेली

माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा कोपरगावात वाढला, इथंच दहावीपर्यंत शिकला आणि गेल्या वर्षी पुढच्या शिक्षणासाठी अमेरिकेला गेला. शहर लहान, ओळखीचं कोणी नाही. पहिल्या महिन्यातच त्याचा फोन आला. "खाला, इथं हलालचं दुकान दोन तासांवर आहे आणि माझ्याकडे गाडी नाही. पण कॉलेजच्या मागच्या रस्त्यावर एका यहुदी माणसाचं दुकान आहे. डेली म्हणतात त्याला. काचेवर कोशर लिहिलंय. मुलं म्हणतात, कोशर म्हणजे हलालच. खाऊ का?"

मी शाळेत इतिहास शिकवते. मुलं प्रश्न विचारतात आणि मी उत्तरं देते, ही सवय लागलेली. पण या प्रश्नावर मी गप्प झाले. त्याला म्हटलं, "दोन दिवस थांब. तोवर अंडी खा."

त्या दोन दिवसांत मी थोडं वाचलं, आमच्या मौलाना साहेबांशी बोलले आणि मग वाचतच गेले. कारण शोधता शोधता अमेरिकेतून मी थेट अलिबागला येऊन पोहोचले. कोशर पाळणारी माणसं आपल्याच महाराष्ट्रात, आपलीच मराठी बोलत शेकडो वर्षं राहत आली आहेत, आणि त्यांच्याकडे डेली तर सोडाच, एक साधं दुकानही नव्हतं! मग त्यांनी हे निभावलं कसं? भाच्याला दिलेलं उत्तर आणि या प्रश्नाचं उत्तर, दोन्ही इथं मांडते आहे.

डेली म्हणजे काय?

डेली हे डेलिकेटेसन या जर्मन शब्दाचं छोटं रूप. तयार खाद्यपदार्थांचं दुकान, असा साधा अर्थ. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जर्मनी, पोलंड, रोमानिया, रशिया इथून लाखो यहुदी अमेरिकेत गेले. न्यूयॉर्कच्या गल्ल्यांत त्यांनी अशी दुकानं काढली. एकटे राहणारे कामगार, घरी चूल नाही, आणि धर्माला चालेल असं मांस दुसरीकडे मिळत नाही. अशांसाठी मिठात मुरवलेलं मांस, ब्रेडमध्ये घालून, लोणच्यासोबत. तिथला प्रसिद्ध पदार्थ म्हणजे पस्ट्रामी. मोठ्याचं मांस मीठ-मसाल्यात मुरवून, धुरी देऊन, वाफवून त्याच्या पातळ चकत्या करतात. हा शब्द रोमानियातून आला आणि त्याचं नातं तुर्की मुसलमानांच्या पस्तिर्मा या सुकवलेल्या मांसाशी आहे. म्हणजे यहुदी दुकानातल्या या नावामागे उस्मानी सल्तनतीचं स्वयंपाकघर आहे.

इथं पहिली सावधगिरी. डेली दिसली म्हणजे ती कोशर असेलच असं नाही. न्यूयॉर्कमधलं सगळ्यांत नावाजलेलं कॅट्झ डेली 1888 पासून चालू आहे, पण ते 'कोशर पद्धतीचं' आहे, कोशर नाही. चव तीच, नियम नाहीत. खऱ्या कोशर डेलीत मांस असेल तर चीज आणि लोणी मिळणार नाही, शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत शटर खाली येईल आणि शनिवारी दुकान बंद असेल. शिवाय धर्माचे नियम जाणणारा एक निरीक्षक त्या स्वयंपाकघरावर नजर ठेवून असतो.

भाच्याला मी पहिला प्रश्न हाच विचारला, "शनिवारी ते दुकान उघडं असतं का रे?" तो म्हणाला, "नाही खाला, शुक्रवारी दुपारीच बंद होतं." म्हटलं, मग पुढे बोलू.

सुरी, रक्त आणि दूध

कशेर म्हणजे हिब्रूत 'योग्य'. आपल्याकडे हलाल म्हणजे 'परवानगी असलेलं'. दोन्ही नियम बऱ्याच अंतरापर्यंत हातात हात घालून चालतात.

जनावर. खूर दुभंगलेलं हवं आणि ते रवंथ करणारं हवं, ही तौरातची अट. दोन्ही पाहिजेत. म्हणून बकरी, मेंढी, गाय, म्हैस, हरीण चालतं. डुक्कर दोघांनाही हराम. पण उंट आपल्याला हलाल, त्यांना नाही. सशाचंही तसंच.

जबह. यहुदी जबह करणाऱ्याला शोखेत म्हणतात. सुरी हातात असणारा कोणीही शोखेत होत नाही. त्याला शिक्षण घ्यावं लागतं, परीक्षा द्यावी लागते, आणि तो नेक, धर्म पाळणारा असावा लागतो. त्याची सुरी लांब आणि टोक नसलेली असते. जबह करण्याआधी तो नखाची कड तिच्या धारेवरून फिरवतो. केसाएवढी खाच लागली तरी ती सुरी बाद. मान न थांबता, न दाबता, सलग कापायची. मध्ये हात थांबला तर ते जनावर खाण्यातून गेलं. जनावराला आधी बधिर करणं त्यांना मान्य नाही.

तपासणी. जबह झाल्यावर जनावराची फुप्फुसं तपासतात. भोक, जखम, चिकटलेला भाग दिसला तर मांस नाकारतात. डेलीच्या पाटीवर कधी कधी 'ग्लाट कोशर' असं लिहिलेलं असतं. ग्लाट म्हणजे गुळगुळीत. ज्याची फुप्फुसं साफ निघाली ते मांस.

रक्त. वाहतं रक्त आपल्यालाही हराम आहे. पण यहुदी घरात पुढची पायरी आहे. मांस अर्धा तास पाण्यात भिजवायचं, मग जाड मीठ चोळून तासभर उतरत्या फळीवर ठेवायचं म्हणजे उरलेलं रक्त निथळून जातं, मग पुन्हा धुवायचं. कलेजी मात्र थेट विस्तवावरच भाजावी लागते, कारण तिच्यातलं रक्त मिठानं निघत नाही.

मांडीची नस. मला सगळ्यांत नवल वाटलं ते याचं. तौरातमध्ये हजरत याकूब (अलैहिस्सलाम) यांच्या मांडीला एका रात्री दुखापत झाल्याची हकीकत आहे. त्या आठवणीत यहुदी लोक जनावराच्या मांडीची मोठी नस खात नाहीत. हिब्रूत तिला गिद हनाशे म्हणतात. आपल्या उर्दूत कमरेपासून पायापर्यंत ठणकणाऱ्या नसेच्या दुखण्याला काय म्हणतात? अर्कुन्निसा, म्हणजे मूळ अरबीत इर्क अन-नसा. 'नाशे' आणि 'नसा' हे एकाच मुळाचे शब्द. आपल्या कुरआनातही (3:93) असं आहे की तौरात उतरण्याआधी इस्राईलने, म्हणजे हजरत याकूबनी, एक वस्तू स्वतःवर हराम करून घेतली होती. ती कोणती, यावर तफ्सीरकार बोलले आहेत. बऱ्याच जणांनी उंटाचं मांस म्हटलंय आणि त्याचा संबंध याच नसेच्या दुखण्याशी जोडलाय.

मासे. पर आणि खवले दोन्ही असलेलाच मासा चालतो. बांगडा, रावस, पापलेट चालतं. कोळंबी, खेकडे, तिसऱ्या, वाम, मुशी चालत नाही. आपल्यात कोकणी मुसलमान शाफई असल्यानं समुद्रातलं सगळं खातात, आणि हनफी घरांत खेकड्याला हात लावत नाहीत. हनफी आणि यहुदी इथं बरेच जवळ येतात.

दूध आणि मांस. इथं वाटा वेगळ्या होतात. करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नये, अशी आज्ञा तौरातमध्ये तीनदा आली आहे. त्यावरून यहुदी आलिमांनी मांस आणि दूध हे दोन कायमचे वेगळे केले. एकत्र शिजवायचं नाही, एकत्र खायचं नाही, भांडीसुद्धा वेगळी. मांस खाल्ल्यावर दुधाचं काही घ्यायचं तर बरेच लोक सहा तास थांबतात. म्हणजे आपली दह्यातली बिर्याणी, तुपातला कोरमा, मलई टिक्का हे सगळं हलाल असलं तरी कोशर होऊ शकत नाही. भाजी, फळं, अंडी हे ना मांसात ना दुधात, दोन्हींसोबत चालतं. मासेही त्याच वर्गातले.

आता दुसरी बाजू. शराब आपल्याला हराम. यहुदी धर्मात ती हराम नाही, उलट द्राक्षाचा रस किंवा वाइन शुक्रवारच्या रात्रीच्या दुआत लागते. म्हणून कोशर पदार्थात वाइन असू शकते. आणि जबह करताना आपण प्रत्येक जनावरावर 'बिस्मिल्लाह, अल्लाहु अकबर' म्हणतो. शोखेतही देवाचंच नाव घेतो, पण एका बैठकीला सुरुवातीला एकदा दुआ म्हणून पुढे सलग काम करतो.

मग भाच्याला काय सांगितलं?

सूरह अल-माइदाच्या पाचव्या आयतीत अहले किताबचं अन्न मुसलमानांना हलाल ठरवलं आहे. म्हणून खऱ्या कोशर जबहाचं मांस खाता येतं, असं जगातले अनेक उलमा मानतात, विशेषतः जिथं मुसलमानाच्या हातचं मिळत नाही तिथं. काही उलमा मात्र प्रत्येक जनावरावर अल्लाहचं नाव घेतलं गेलं पाहिजे, ही अट धरून कोशर टाळायला सांगतात. दोन्ही बाजूंना दलील आहे. मी मुफ्ती नाही, शाळेतली बाई आहे. म्हणून भाच्याला म्हटलं, "तुझ्या जवळच्या मशिदीच्या इमामांना फोन कर आणि ते सांगतील तसं कर. पण फोन करण्याआधी तीन गोष्टी माहीत करून घे. दुकान खरंच कोशर आहे की नुसतं कोशर पद्धतीचं? पदार्थात वाइन आहे का? आणि प्रमाणपत्र कुणाचं आहे?"

प्रमाणपत्रावरून आठवलं. आपल्याकडेही आता बाहेरून आलेली बिस्किटं, चॉकलेटं, सॉस यांवर छोट्या खुणा दिसतात. मुलं वर्गात पाकीट घेऊन येतात आणि विचारतात. तेव्हा हे लक्षात ठेवा:

- वर्तुळात इंग्रजी यू अक्षर म्हणजे अमेरिकेतल्या ऑर्थोडॉक्स युनियन या यहुदी संस्थेचं प्रमाणपत्र. 1920 च्या दशकापासून ही खूण चालत आली आहे.
- त्याच्या शेजारी डी असेल तर पदार्थ दुधाच्या वर्गातला.
- पी असेल तर पेसाख या त्यांच्या सणाला चालणारा. पी म्हणजे पोर्क, डुक्कर, असं आपल्याकडे काही जण सांगतात. ते साफ चूक आहे.
- नुसतं के अक्षर असेल तर जपून. एकट्या अक्षराचा कुणाला मालकी हक्क मिळत नाही, त्यामुळे ते कुणीही छापू शकतं.
- कोशर खूण आहे म्हणजे अल्कोहोल नाही, असा अर्थ होत नाही. मागचा मजकूर वाचाच.

कोकणातले शनिवार तेली

आता त्या माणसांकडे येते ज्यांच्याकडे ना खूण होती, ना प्रमाणपत्र, ना डेली.

रायगड जिल्ह्यात, अलिबागजवळ नवगाव आहे. बेने इस्रायल समाजाची पिढ्यान् पिढ्यांची हकीकत अशी की, दोन हजार वर्षांपूर्वी त्यांच्या पूर्वजांचं जहाज इथल्या किनाऱ्याजवळ फुटलं. सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. बुडालेल्यांना नवगावातच दफन केलं. पुस्तकं समुद्रात गेली. उरलेले गावागावांत पसरले, तेल गाळण्याचा धंदा त्यांनी धरला, आणि गावाच्या नावाला कर लावून आडनावं घेतली. किहीमचे किहीमकर, दिवे आगरचे दिवेकर, पेणचे पेणकर, झिराडचे झिराडकर. शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. म्हणून गावकऱ्यांनी त्यांना नाव दिलं, शनिवार तेली.

नवगावची हकीकत किती जुनी यावर इतिहासकारांचे वाद आहेत. पण एक गोष्ट सगळे सांगतात. या लोकांजवळ ग्रंथ नव्हते, हिब्रू जवळजवळ विसरली होती, बाहेरच्या यहुदींशी संपर्क नव्हता. उरलं होतं ते थोडंच: शनिवारची सुट्टी, मुलाची आठव्या दिवशी सुन्नत, 'शेमा' ही एक दुआ, आणि खाण्याचे नियम.

त्यांची ओळख पटली तीही खाण्यावरूनच. डेव्हिड रहाबी नावाचा एक यहुदी विद्वान कोकणात आला. कुणी म्हणतं हजार वर्षांपूर्वी, कुणी म्हणतं अठराव्या शतकात कोचीनहून. ऐकलं होतं की इथं शनिवार पाळणारे लोक आहेत. पण ते खरंच यहुदी का, हे कसं ओळखायचं? हकीकत अशी की त्यानं बायकांपुढे मिसळीचे मासे ठेवले आणि रांधायला सांगितले. त्यांनी पर आणि खवले असलेले मासे निवडून घेतले आणि बाकीचे बाजूला सारले. म्हणाल्या, हे आम्ही खात नाही. रहाबीला जे हवं होतं ते मिळालं.

मी ही गोष्ट वर्गात सांगितली तेव्हा मुली एकमेकींकडे बघून हसल्या. ग्रंथ गेले, भाषा गेली, पण मासे निवडणाऱ्या बायका होत्या म्हणून धर्म टिकला. तालुक्याच्या गावात जेमतेम काही घरं असलेल्या आपल्यासारख्या समाजाला यात समजण्यासारखं पुष्कळ आहे.

रहाबीनं मग तीन घराण्यांतल्या तरुणांना धर्माचं शिक्षण दिलं. हे तिघे गावोगाव फिरून लग्नं लावत, सुन्नत करत, तंटे मिटवत. त्यांना लोक काय म्हणत? काजी! हो, काजीच. कोकणात मुसलमान शेजारी होते, शब्द तिथूनच उचलला. त्यांच्या प्रार्थनास्थळालाही साध्या बोलण्यात मशीद म्हणत, आणि समाजाच्या प्रमुखाला मुकादम. मुंबईत सॅम्युएल दिवेकर यांनी 1796 मध्ये पहिलं सिनेगॉग बांधलं. ते ज्या भागात आहे तिथल्या रेल्वे स्टेशनचं नाव मस्जिद, आणि ते नाव याच जुन्या 'मशिदी'वरून पडलं असं सांगतात.

दुकान नव्हतं, मग कसं निभावलं?

आपला प्रश्न हाच होता. त्याचं उत्तर त्यांच्या स्वयंपाकघरात आहे.

पहिलं म्हणजे नारळ. मांसात दूध-दही-तूप चालत नाही, आणि कोकणात नारळ दारात. म्हणून मटणाचा रस्सा असो की कोंबडीचा, घट्टपणा येतो तो नारळाच्या दुधानं. गोडातही तेच. नव्या वर्षाच्या सणाला, रोश हशनाला, ते चिकाचा हलवा करतात. गहू भिजवून काढलेला चीक, साखर आणि नारळाचं दूध तासन्‌तास आटवून त्याच्या वड्या पाडतात. दूध घातलं असतं तर त्या मटणाच्या जेवणानंतर खाता आल्या नसत्या. नारळानं तो प्रश्नच ठेवला नाही.

दुसरं, मनुका. शुक्रवारच्या रात्रीच्या दुआला द्राक्षाचा रस पाहिजे आणि कोशर वाइन कोकणात कुठून येणार? मग मनुका भिजवून, उकळून, गाळून सरबत करायचं. ते त्यांच्या धर्माला चालतं. आणि खरं सांगायचं तर, आपल्यालाही.

तिसरं, मलिदा. आपल्याकडे नियाजला मलिदा करतात, तुपात चुरलेल्या पोळीचा. बेने इस्रायल लोकांचा मलिदा पोह्यांचा, त्यात खोबरं, साखर, सुका मेवा आणि वर फळं. नवस फेडताना, नवं घर घेतल्यावर, लग्नाआधी ते एलियाहू हन्नबी यांच्या नावानं तो करतात. हे एलियाहू म्हणजे आपले हजरत इलियास (अलैहिस्सलाम). अलिबागजवळच्या खंडाळे गावी एका खडकावर त्यांच्या रथाची खूण आहे, अशी त्या समाजाची श्रद्धा. मलिद्यात मांसही नाही आणि दूधही नाही, त्यामुळे कुणाच्या भांड्यांचा प्रश्न येत नाही. शेजाऱ्यांना बोलवा, सगळ्यांना वाटा.

चौथं, शोखेत. हा मात्र माणूसच लागतो, त्याला नारळासारखा पर्याय नाही. पुष्कळ ठिकाणी सिनेगॉगमध्ये नमाज पढवणारा हझ्झान हाच जबहही करी. एकोणिसाव्या शतकात कोचीनचे यहुदी येऊन ही दोन्ही कामं करत. ज्या गावात शोखेत नाही, तिथं तो येईल तेव्हाच मटण, नाहीतर मासे, कडधान्यं, भाजी. आणि शेजारी हिंदू असल्यानं मोठ्याचं मांस ते परंपरेनं खात नसत. धर्मानं मनाई नव्हती, शेजाराचा मान होता.

हे सगळं त्यांनी मराठीतच केलं. पेसाख सणाला घरात वाचायचा हग्गादा हा ग्रंथ मराठी भाषांतरासह 1846 मध्ये मुंबईत आणि 1874 मध्ये पुण्यात छापला गेला. पुण्याच्या पुस्तकात सणाची बेखमिरी भाकरी करतानाची चित्रं आहेत. त्यातल्या बायका लुगडी नेसून जमिनीवर बसून कणीक मळताहेत. युरोपातल्या कुठल्याही हग्गादात असं चित्र सापडणार नाही.

आता किती उरले?

1940 च्या दशकात हिंदुस्थानात बेने इस्रायल समाज सुमारे वीस हजारांच्या घरात होता. 1948 नंतर बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली. तिथंही सगळं सरळ नव्हतं. तुम्ही अस्सल यहुदी आहात का, अशी शंका तिथल्या धर्मगुरूंनी घेतली आणि लग्नांत अडचणी आणल्या. त्याविरुद्ध या मराठी माणसांनी आंदोलन केलं, तेव्हा 1964 मध्ये त्यांना पूर्ण मान्यता मिळाली. आज तिकडे लोद, रामला, दिमोना, बेरशेबा या गावांत मराठी बोलणारे म्हातारे भेटतात, 'मायबोली' नावाचं मराठी मासिकही तिथून निघत आलं आहे.

इकडे सगळे मिळून चार-पाच हजार यहुदी उरलेत, बहुतेक मुंबई-ठाण्यात, थोडे पुण्यात आणि कोकणात. अलिबागला इस्रायल आळी आहे, सिनेगॉग आहे, पण आळीत घरं मोजकीच राहिली. 2016 मध्ये महाराष्ट्र सरकारनं यहुदींना अल्पसंख्याक दर्जा दिला.

संख्या घटली की आधी काय जातं? सिनेगॉगची इमारत उभी राहते, कुलूप-किल्ली कुणीतरी सांभाळतं. आधी जातो तो शोखेत. दहा-वीस घरांसाठी एक शिकलेला माणूस ठेवणं परवडत नाही. मग मांस मुंबईहून आणायचं, किंवा बाहेर जेवताना शाकाहारी व्हायचं. आज कित्येक भारतीय यहुदी हेच करतात.

मुंबईत कुलाब्याच्या नरिमन हाउसमध्ये यहुदी प्रवाशांना कोशर जेवण मिळायचं. डेलीच्या सगळ्यांत जवळ जाणारी मला माहीत असलेली जागा ती. 26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यात तिथले तरुण रब्बी आणि त्यांच्या पत्नी मारल्या गेल्या. तेव्हा मुंबईच्या मुसलमानांनी हल्लेखोरांच्या मय्यती आपल्या कब्रस्तानात घ्यायला नकार दिला होता. ही गोष्ट आपल्या मुलांना कुणी सांगतं का?

वर्गातला प्रश्न

मी हा धडा घेतला तेव्हा एक मुलगा उठून म्हणाला, "मॅडम, पण यहुदी तर आपले दुश्मन ना?" टीव्हीवर, मोबाईलवर तो रोज गाझाचं बघतो. त्याचं मन दुखतं. माझंही दुखतं. मी त्याला म्हटलं, "बेटा, एका सरकारनं केलेल्या जुलमाला जुलूम म्हण, जरूर म्हण. पण अलिबागच्या इस्रायल आळीतल्या आजीला त्याचा जाब विचारायचा नाही. आपल्याला कुणी असं दुसऱ्याच्या गुन्ह्याचा जाब विचारतं तेव्हा कसं वाटतं?" तो बसला. त्याला उत्तर माहीत होतं. वर्गातल्या सगळ्यांनाच माहीत होतं.

त्याला मी आणखी सांगितलं की मुंबईत भायखळ्याला मागेन डेव्हिड सिनेगॉगच्या आवारात यहुदींनी काढलेली शाळा आहे, आणि आज तिथं शिकणारी बहुतेक मुलं मुसलमान आहेत. युरोपात बेल्जियमच्या दोन प्रांतांनी 2019 मध्ये बधिर न करता जबह करण्यावर बंदी घातली, तेव्हा कोर्टात यहुदी आणि मुसलमान संस्था एकाच बाजूला उभ्या होत्या. 2020 मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयात आणि 2024 मध्ये मानवाधिकार न्यायालयात निकाल दोघांच्याही विरोधात गेला. आपल्या देशात 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 28 मध्ये धर्माच्या रीतीनं जबह करण्याला सूट आहे. त्या कलमात कुठल्याही एका धर्माचं नाव नाही. ते जसं आपल्यासाठी आहे, तसंच शोखेतसाठीही.

भाच्याचा परवा पुन्हा फोन आला. तिथल्या इमामांनी त्याला परवानगी दिली, वाइन घातलेलं काही घेऊ नको एवढंच सांगितलं. पहिल्याच दिवशी त्यानं काउंटरवरच्या म्हाताऱ्याला विचारलं, यात काय काय आहे? म्हातारा चिडला नाही. खुश झाला. मागून डबा आणून त्यावरचा शिक्का दाखवला, मांस कुठून येतं ते सांगितलं. म्हणाला, "तुझ्यासारखे विचारणारे हल्ली कमी झालेत."

"खाला," भाचा म्हणाला, "कोपरगावात मी कधी चाचांना विचारलंच नाही, हे कसं कापलं म्हणून."

खरं आहे. आमचे चाचा तीस वर्षं त्याच ओट्यावर बसतात. मी लहान असताना अब्बांबरोबर जायचे, आता मीच जाते. त्यांची सुरी मी कधी नीट बघितली नव्हती. या रविवारी बघितली. म्हटलं, "चाचा, धार किती दिवसांनी लावता?" ते हसले, "का गं बेटी, आज काय झालं?" आणि सुरी उलटी करून, धारेवरून अंगठ्याचं नख फिरवून त्यांनी मला दाखवलं. "रोज. खाच लागली की जनावराला त्रास होतो."